कडककाकांच्या वतीने

बाजारात त्यांना सगळे रफूकाकू म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला कडककाका. काकांचे नाव त्यांच्या इस्त्रीवरून पडलेले. स्वभावावरून पाडायचे असते, तर दुसरेच काहीतरी शोधावे लागले असते. उभ्या जन्मात त्या माणसाने कुणाला ‘जरा सरकता का’ असेसुद्धा मोठ्याने म्हटले नाही. काकू मात्र फाडकन बोलणाऱ्या. या दोघांचा संसार झाला तरी कसा, असे लोक विचारत. छान झाला. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे ही वाटणी पहिल्याच वर्षी ठरून गेली, मग भांडायला उरते काय?

लाँड्रीचे दुकान दोघांचे. पुढे फळी, फळीमागे इस्त्रीचे टेबल, त्याच्यामागे पडदा आणि पडद्याआड धुण्याची मोरी. खिडकीशी जिथे उजेड चांगला, तिथे काकूंचे स्टूल. धुणे आणि इस्त्री काकांकडे, रफू काकूंकडे. रफू त्यांना त्यांच्या मामाने शिकवला. मामा मोठा खट. केलेले काम पुढ्यात टाकायचा, डोळे मिटायला लावायचा आणि म्हणायचा, “चाचपून शोध बघू.” बोटाला रफू लागला की ते काम उसवून पुन्हा करायचे. काकूंनी लहानपणी जितके उसवले तितके शिवले नसेल. पण मोठेपणी बाजारात त्यांच्या हाताला तोड राहिली नाही. जळके कोट, उंदराने कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकलेल्या साड्या त्यांच्या मांडीवरून अशा उठत, की मालकालाच वाटावे, फाटले होते ते दुसरेच काही.

आणि लाँड्रीत तक्रारींना काय तोटा? कॉलर पिवळीच राहिली, बटण तुटले, ही चादर आमची नव्हेच. काकांचे उत्तर ठरलेले असे. “चुकलं आमचं. ठेवा, परत करून देतो.” एकदा एक बाई दुसऱ्या लाँड्रीतून धुतलेला झगा चुकून यांच्याकडे आणून तावातावाने बोलत सुटल्या. काकांनी माफी मागितली, झगा पुन्हा धुतला, इस्त्री करून दिला.

“दुसऱ्याच्या दुकानाची चूक तुमची कशी हो?” काकू कडाडल्या.

“आपल्या फळीशी आल्या ना? मग आपलीच.”

काकू हसल्या होत्या तेव्हा. गिऱ्हाईक टिकते ते या गोडव्यावर, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

मागच्या गल्लीतल्या पोलीस चौकीवर नवा फौजदार आला. त्याचा गणवेश घेऊन शिपाई दुकानात आला, खिशावर शाईचा भलामोठा डाग. काका म्हणाले, “हा डाग एका धुण्यात जायचा नाही. परवा मिळेल.” शिपाई बरं म्हणून गेला. साहेबाला सांगायला तो विसरला की घाबरला, ते त्याचे त्याला माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार स्वतःच दुकानात येऊन उभा. चौकी तपासायला कुणी वरिष्ठ येणार होते आणि गणवेश मोरीवरच्या तारेवर निथळत होता. काका त्यांचे ठरलेले वाक्य म्हणाले, “चुकलं आमचं.” ते पुरते संपायच्या आत फौजदाराने फळीवरून हात घालून त्यांची कॉलर धरली, पुढे ओढले आणि थोबाडीत दिली. मग आणखी एक. शर्ट कॉलरपासून खिशापर्यंत फाटला. नाकातून रक्त आले. दुकानात गिऱ्हाईक होते, दारात दोघेतिघे उभे होते. कुणी हूं की चूं केले नाही. फौजदार आत जाऊन तारेवरचा ओला गणवेश काखोटीला मारून निघून गेला.

काकू त्या वेळी दोरे आणायला गेल्या होत्या. परतल्या तेव्हा शेजारचा न्हावी त्यांना पायरीवरच गाठून घडाघडा सगळे सांगून मोकळा झाला. काकू आत धावल्या. काका पडद्यामागे बनियनवर बसले होते. नाकात कापसाचा बोळा, समोर बादली, बादलीत शर्ट. डाग चोळत होते.

“गरम पाणी नको,” वर न बघताच ते म्हणाले. “रक्त गरमाने बसतं.”

काकूंनी बोळा बदलला, पाणी दिले. शर्ट वाळल्यावर तो मांडीवर घेतला. फिकट निळ्या बारीक चौकटीचे कापड. चौकटीचे काम सगळ्यात नाठाळ, एक धागा इकडचा तिकडे झाला की रेघ मोडते. काकूंनी शिवणीच्या आतल्या बाजूने त्याच कापडाचे धागे उपसले, डोळे फुटेस्तोवर चौकटीला चौकट मिळवली. नवऱ्याचे काय सांत्वन करावे ते त्यांना सुचत नव्हते, हे मात्र येत होते. असा रफू त्यांच्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता. संध्याकाळी काकांनी त्या शर्टाला इस्त्री केली आणि तो हँगरला लावला.

दुसऱ्या दिवशी, बातमी कानावर गेल्यावर, परगावाहून लेकीचा फोन आला. ती तिथे कचेरीत नोकरीला, नियम-कायदे जाणणारी. आधी रडली, मग रागावली, मग कामाला लागली.

“आई, हे असं सोडायचं नाही. वरच्या कार्यालयात लेखी तक्रार करायची. आणि तो शर्ट आहे तसाच ठेव हं. धुऊ नकोस, हातसुद्धा लावू नकोस. तोच पुरावा आहे.”

काकूंनी हँगरकडे पाहिले.

“आई? ऐकतेयस ना? कुठाय शर्ट?”

“समोरच आहे. इस्त्री करून.”

“आणि फाटला होता तो?”

“केला रफू.”

“अगं, कसली माणसं आहात गं तुम्ही!” लेक म्हणाली, आणि ती हसली की रडली हे काकूंना कळले नाही.

तक्रार-बिक्रार करण्याचे काकूंच्या मनात तेव्हा पक्के नव्हते. ते पक्के झाले काकांमुळे. त्या दिवसापासून काका फळीशी उभे राहीनात. इस्त्रीचे टेबल त्यांनी ओढून पडद्याआड नेले आणि तिथेच दिवसभर वाफेत उभे राहू लागले. गिऱ्हाईक हाक मारायचे, “काय कडककाका, लपलात कुठं?” ते एक वेळ चालले असते. पण जेवायला बसले की दर वेळी त्यांना स्वतःची नवी चूक सापडे.

“तो गणवेश पंख्याखाली टाकायला हवा होता मी.”

“परवा देतो म्हणाला होतात ना तुम्ही?”

“म्हणालो होतो. पण शिपायाला ऐकू गेलं नसेल. मोठ्यानं म्हणायला हवं होतं.”

पुढच्या जेवणाला, “मी उत्तर द्यायला नको होतं. मान खाली घालायला हवी होती.” त्याच्या पुढच्याला, “एवढा मोठा अधिकारी, उगाच कशाला हात उचलेल?”

काकूंना काका तिळातिळाने झिजताना दिसत होते. त्यांना नुकसानभरपाई नको होती, फौजदाराची नोकरी जावी असेही त्यांना काही वाटत नव्हते. त्यांना एवढेच हवे होते, की वरच्या कुणीतरी, खुर्चीत बसलेल्या, शिक्का मारणाऱ्या माणसाने त्यांच्या नवऱ्याला सांगावे, बाबा रे, यात तुझी चूक नव्हती. एवढ्यासाठी त्या कंबर कसून उठल्या.

आधी साक्षीदार. न्हावी दाढी करत होता.

“मी फक्त आवाज ऐकला, काकू. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर होता. मान वळवली असती तर खून पडला असता.”

“मग मला डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलंस ते?”

“ते आरशात दिसलं.”

“तर मग आरशात दिसलं म्हणून सांग की.”

न्हाव्याने वस्तरा पुसला, पुन्हा पुसला. “माझ्या दुकानाची पायरी रस्त्यात येते, काकू. इतके दिवस कुणी काही बोललं नाही. मी बोललो की लगेच कुणाला तरी ती दिसेल.” आणि मग खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, “कडककाकांना माझा नमस्कार सांगा.”

“त्याचं काय लोणचं घालू?” म्हणून काकू निघाल्या.

अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला. जसे झाले तसे, एक शब्द वाढवून नाही. वरच्या कार्यालयाच्या टपाल खिडकीशी कारकून बसला होता.

“कुणाविरुद्ध?”

“चौकीतल्या फौजदाराविरुद्ध.”

कारकुनाने अर्ज उलटून पाहिला, पाठीमागे तरी काही बरे लिहिले असेल म्हणून. “काकू, मिटवून टाका. रोज तिथंच राहायचंय तुम्हाला.”

“कुठं राहायचं ते मला माहीत आहे. तू पोच दे.”

“अहो, तुमच्या भल्याचं सांगतोय.”

“माझं भलं मी घरून ठरवून आलेय. शिक्का कुठाय तुझा? शाई वाळलीय की हात?”

रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसले. कारकुनाने शिक्का मारला.

सुनावणीचे बोलावणे आले तेव्हा काका यायलाच तयार नव्हते. लेकीने फोनवरून समजावले, काकूंनी दटावले, शेवटी ते आले. तोच चौकटीचा शर्ट काकूंनी पातळ कागदात गुंडाळून पिशवीत घेतला होता.

चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बाई बऱ्या होत्या हे मुद्दाम सांगायला हवे, कारण वाईट माणसावर खापर फोडायची सोय इथे नाही. त्यांनी दोघांना बसायला सांगितले, पाणी मागवले. फौजदार एका बाजूला गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. मॅडमनी अर्ज वाचला.

“शर्ट कॉलरपासून खिशापर्यंत फाटला, रक्त सांडलं, असं लिहिलंय तुम्ही. आणलाय?”

काकूंनी कागद उलगडला. मॅडमनी शर्ट वर धरला, खिडकीशी नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“हाच का?”

“हाच.”

“मग फाटलाय कुठं?”

एरवी कुणी असे विचारले असते तर काकूंची छाती फुगली असती. त्यांनी बोटाने दाखवले, “इथून इथपर्यंत. रफू केलाय.” मॅडमनी त्या जागेवरून हळूच बोटे फिरवली, पुन्हा फिरवली. काकू त्या बोटांकडे बघत राहिल्या. लागू दे, एक गाठ तरी लागू दे, असे त्या मनात म्हणत होत्या. बोटे सरळ निघून गेली.

“काकू,” मॅडम म्हणाल्या, “माझा तुमच्यावर विश्वास बसतोय, खोटं नाही सांगत. पण तुमच्या दुकानातलं निम्मं कापड कुठं ना कुठं फाटलेलंच असणार. हा केव्हा फाटला, कुणी फाडला, मी कशाच्या आधारावर लिहू? आणि रक्त?”

“धुतलं.”

“पण का धुतलंत?”

उत्तर काकांनी दिले. तिथे आल्यापासून पहिल्यांदाच ते बोलले.

“डाग होता, मॅडम.”

फौजदाराने तोंड फिरवले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि काकांकडे वळून बसल्या.

“काका, शर्ट राहू दे. साक्षीदारही राहू दे. मार तुम्हाला बसलाय, तुमचं म्हणणं मला पुरेसं आहे, त्यावर मी पुढची चौकशी लावू शकते. यांनी तुमच्यावर हात उचलला का? नुसतं हो म्हणा.”

काका उठून उभे राहिले. समोर टेबल, आपल्या दुकानाच्या फळीएवढ्याच उंचीचे. टेबलापलीकडे माणसे आणि मध्ये एक तक्रार. काकूंना त्यांची उभे राहण्याची ती ढब दिसली, दोन्ही तळवे कडेवर, मान किंचित कललेली, आणि काय होणार हे त्यांना कळून चुकले. त्यांनी काकांची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

“चुकलं आमचं,” काका म्हणाले.

“मी तुमची चूक विचारत नाहीये, काका.”

“हो मॅडम. पण गणवेश वेळेवर द्यायला हवा होता. परत असं होणार नाही.”

फौजदार मान खाली घालून टोपीवरचा बिल्ला चाचपत होता. त्याला लाज वाटली असावी, निदान काकूंना तसे वाटले. मॅडमनी आणखी दोनदा विचारून पाहिले, शब्द बदलून, आवाज उतरवून. काकांनी दोन्ही वेळा माफी मागितली. मग मॅडमनी पेन उचलले आणि त्या लिहू लागल्या.

बाहेर पडल्यावर काकूंनी भर रस्त्यात तोंड सोडले.

“मार तुम्ही खाल्लात आणि माफी पण तुम्हीच मागितलीत! आता एवढंच राहिलंय, त्याच्या हाताला लागलं का ते विचारून या!”

काका थांबले. खरोखर विचार करून म्हणाले, “अंगठी होती त्याच्या बोटात. लागलं असेल.”

काकू बसथांब्याच्या बाकावर बसल्या. रागवावे कुणावर? हे ‘चुकलं आमचं’ त्यांनी आपल्या कानांनी रोज ऐकले होते. त्यावर दुकान चालले, लेक शिकली, घरावर छप्पर आले. गिऱ्हाईक शांत होऊन माघारी फिरे तेव्हा त्यांनीच कौतुकाने पाहिले होते, आमचे हे म्हणजे अगदी गाय. नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला कधी शिकवावे, असे त्यांच्या डोक्यातही आले नव्हते. काका शेजारी बसले. पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली, शर्टाला चुणी पडू नये म्हणून.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका दुपारी काकू बाजारातून आल्या तर काका फळीशी उभे! पडदा बाजूला सारलेला, टेबल पुन्हा जागेवर. डोळ्यांवर चष्मा आणि हातात टपालाने आलेला कागद. काकूंना वाटले, मॅडमनी काहीतरी केले.

“ये, ये,” काका म्हणाले. चेहरा उजळलेला. “उत्तर आलंय. ऐक. ‘चौकशीअंती तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. अर्जदाराच्या पतीने स्वतःची चूक मान्य केली आहे. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.’ खाली सही आहे, शिक्का आहे.” त्यांनी चष्मा काढला. “बघ. मी म्हणत नव्हतो? आता मॅडमनीच लिहिलंय. चूक माझीच होती. बरं झालं बाई, तू तक्रार केलीस. मनाला नुसता घोर लागला होता. वाटायचं, आपली चूक नसेल तर? मग त्यानं मारलं ते कशाला? आता सुटलं एकदाचं.”

काकू पिशवी हातात धरून उभ्याच राहिल्या. म्हणजे इतके दिवस त्या माणसाच्या मनात एका कोपऱ्यात ही शंका जिवंत होती. जेवताना स्वतःच्या चुका मोजत होता तेव्हा तो या शंकेशीच भांडत होता. त्या एवढ्याशा शंकेला कुणी वर बसलेल्याने हात द्यावा म्हणून काकू खेटे घालत होत्या, आणि त्यांच्याच अर्जाने तिचा गळा दाबला होता.

काका त्या दिवसापासून फळीशी उभे राहू लागले. गिऱ्हाइकांशी बोलू लागले, नीट जेवू लागले. लोक म्हणाले, चला, कडककाका माणसात आले. लेकीला फोनवर काकूंनी एवढेच सांगितले, “बाबा बरे आहेत.”

आणि मग एक दिवस चौकीचा तो शिपाई आला. काखेत गणवेशाचे गाठोडे. काकू स्टुलावर होत्या. त्यांच्याकडे बघायचे टाळत त्याने गाठोडे फळीवर ठेवले.

“ठेवा, ठेवा,” काका म्हणाले. “साहेबांना कधी हवाय?”

“उद्या म्हणालेत.”

“उद्या म्हणजे उद्याच. सांगा त्यांना, काळजी नको.”

शिपाई क्षणभर घुटमळला. काहीतरी बोलायचे होते त्याला, निदान ‘काका’ एवढे तरी ओठांवर आले होते. पण तो तसाच पायऱ्या उतरून गेला. काकांनी गाठोडे सोडले, सदऱ्याचे खिसे उलटे करून तपासले, बटणे पाहिली.

काकूंनी सुई हातातल्या कापडात खोचली आणि त्या उठून फळीशी गेल्या. भांडायचे असले की त्यांचा आवाज चढे, आज तो चढला नाही.

“अहो, इकडं बघा माझ्याकडं. नीट ऐका. तुमची चूक नव्हती.”

काकांनी मान वर केली. गणवेश हातात तसाच. त्यांनी काकूंकडे पाहिले ते इतक्या मायेने, की काकूंना ते बघवेना.

“अगं, तू घरचं माणूस,” ते म्हणाले. “तू असंच म्हणणार.”